'पानी' कोणी म्हणायचे?

प्रमाणभाषा आणि बोली यांचा संबंध आपण अभ्यासला आहे. त्याच अनुषंगाने महाविद्यालयांतील संज्ञापन आणि नाट्य या विभागांविषयीचे माझे मत येथे मांडतो. ते आपणांस पटलेच पाहिजे असे नाही.

संज्ञापनाच्या वर्गात बातमीपत्र वाचताना एखादी विद्यार्थिनी 'पानी' म्हणाली, की तिला थांबवून 'पाणी' म्हणवून घेतले जाते. नाट्यविभागाच्या तालमीत मात्र 'पानी' चालते. पण ते मोलकरणीच्या, नाहीतर गावाकडून आलेल्या पाहुण्याच्या तोंडी, आणि प्रेक्षकांनी हसावे म्हणून. नायक 'पाणी'च मागतो. एकच उच्चार एका खोलीत दोष ठरतो, तर दुसरीत विनोद. वास्तविक 'ण' आणि 'न' हा भेद मराठीच्या काही बोलींत उरलेलाच नाही. तो त्या बोलींचा नियम आहे, जिभेचा आळस नव्हे.

विभाग चालविणे म्हणजे वेळापत्रक, अनुदान आणि सभागृहाच्या तारखा सांभाळणे, असा समज रूढ आहे. ही कामे करावीच लागतात. परंतु कोणत्या बोलीला मुख्य भूमिका मिळणार, हेही विभागप्रमुखाच्या हातून ठरत असते, बहुधा नकळत.

पुण्यात १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांनी महाविद्यालयीन रंगभूमीला बळ दिले, हे निर्विवाद आहे. तथापि विभागाचे सारे वर्ष स्पर्धेभोवतीच फिरू लागले, की टाळ्या मिळवून देणारे ठरीव हेलच पुन्हा पुन्हा घोटले जातात. याउलट, तेव्हाच्या औरंगाबादच्या विद्यापीठातील नाट्यविभागात शिकविणाऱ्या लक्ष्मण देशपांडे यांचे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आठवून पाहा. एकट्या नटाने उभी केलेली ती अनेक पात्रे आपल्याला हसवतात; पण सारे गावच मराठवाडी बोलते, म्हणून बोली हे हसण्याचे कारण उरत नाही.

माझी सूचना साधी आहे. पहिल्या वर्षाचे एक सत्र दोन्ही विभागांनी एकत्र चालवावे. विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांचे बोलणे, त्यांच्या संमतीने, ध्वनिमुद्रित करून जसेच्या तसे लिहून काढावे. त्यातून संज्ञापनाच्या विद्यार्थ्यांनी नभोवाणीसाठी वार्तांकन तयार करावे आणि नाट्याच्या विद्यार्थ्यांनी एक गंभीर प्रवेश बसवावा. 'गंभीर' या शब्दावर माझा भर आहे. प्रमाण उच्चार शिकवू नयेत, असे मी म्हणत नाही. राज्यभर ऐकल्या जाणाऱ्या बातमीपत्राला त्यांची गरज असते. मात्र ते 'शुद्ध' म्हणून नव्हे, तर त्या प्रसंगाचा संकेत म्हणून शिकवावेत.

आपल्या अभ्यासकेंद्राच्या परिसरात यंदा एखादी एकांकिका पाहाल, तेव्हा बोली बोलणाऱ्या पात्राच्या वाट्याला किती वाक्ये आली आणि त्यांपैकी किती वाक्यांना सभागृह हसले, हे वहीत नोंदवून ठेवा.