९१ नंबरचं गाणं

मंडळी, मायकल जॅक्सन म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी निघतात. एक 'थ्रिलर', आणि दुसरी १ नोव्हेंबर १९९६ चा अंधेरीचा कार्यक्रम. त्यातही करमणूक कराचा वादच जास्त. गाण्यांचा विषय निघालाच तर "नुसता धांगडधिंगा!" म्हणून मोकळे.

माझ्या मते हा निकाल न ऐकताच दिलेला आहे. पुरावा म्हणून एकच गाणं पुढे करतो, 'स्ट्रेंजर इन मॉस्को'.

सप्टेंबर १९९३. 'डेंजरस' दौऱ्यावरचा जॅक्सन मॉस्कोत होता. महिनाभरापूर्वीच त्याच्यावर बाल-अत्याचाराचे आरोप झाले होते. (त्यांवर लोक आजही भांडतात, पण आजचा मुद्दा तो नाही.) तिथे त्याने हे गाणं लिहिलं. संथ चाल, परक्या शहरातलं एकटेपण, आणि शेवटी रशियन भाषेत कुजबुजणारा चौकशी अधिकारी. व्हिडिओ कृष्णधवल. पाऊस पडतोय, भोवतालचं जग संथपणे सरकतंय आणि हा त्यातून आपला चालतोय. नाच औषधालाही नाही. आता सांगा, कुठाय धांगडधिंगा?

आता गंमत बघा. १९९५ च्या 'हिस्टरी' अल्बममध्येच 'यू आर नॉट अलोन' आहे. ते बिलबोर्डच्या मुख्य यादीत थेट पहिल्या नंबरावर उतरलं. असं होणारं ते पहिलंच गाणं. आणि 'स्ट्रेंजर इन मॉस्को'? ब्रिटनमध्ये १९९६ साली चौथं, पण खुद्द अमेरिकेत १९९७ साली ९१ च्या वर सरकलंच नाही. म्हणजे "तू एकटा नाहीस" म्हणणारं गाणं पहिलं, आणि "मी एकटा आहे" म्हणणारं ९१ वं! नंबरावरून गाण्याची किंमत करणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

"कोट्यवधी कमावणाऱ्याला कसलं आलंय एकटेपण?" हा ठरलेला प्रश्न येणारच. तो आम्हा परदेशस्थांच्या चांगला ओळखीचा आहे. "डॉलरमध्ये कमावताय, तुम्हाला काय कमी?" अहो, पैशाने हीटर चालतो, घरात बोलायला माणूस येत नाही. पण तुमच्याकडे आमची फक्त टॉप टेन वाजते : घर, गाडी, ग्रीन कार्ड. हापिसात दिवसभर बोलूनही मराठीत एक शब्द न बोललेला आठवडा कुठल्याच यादीत येत नाही. फोनवर "कसं काय?" विचारलं की आम्हीही "मजेत!" म्हणतो, कारण दुसरं उत्तर ऐकायला कुणाला वेळ असतो?

आणि मग हीच मंडळी पोराला बारावीपासून "अमेरिकेलाच जा" म्हणून मागे लागतात. जरूर पाठवा. पण त्याला पहिल्या नंबराबरोबर ९१ वा नंबरही ऐकवून पाठवा. आणि तो तिकडून "मजेत" म्हणाला, तर फोन ठेवायच्या आधी पुन्हा एकदा विचारा.

असो. गाणं साडेपाच मिनिटांचं आहे. ऐका, आणि मग खुशाल नावं ठेवा.