अठराव्या वाढदिवशी छप्पर जाऊ नये

अठरा वर्षे पूर्ण झाली की मतदार यादीत नाव घालता येते, गिअरच्या गाडीचा परवाना काढता येतो, बँकेतले खाते स्वतःच्या सहीने चालते. आईवडिलांजवळ वाढणाऱ्या मुलाला एवढेच बदल जाणवतात. घर, जेवण आणि फी भरणारे हात तेच राहतात. बालगृहात वाढलेल्या मुलामुलींना मात्र ही तारीख जवळ येऊ लागली की धास्ती वाटते. २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती म्हणजे बालक. ते वय उलटले की बालगृहातला मुक्काम संपतो, मग बारावीची परीक्षा तोंडावर का असेना. एकाच तारखेला माणूस सर्वार्थाने जाणता होतो, असे आपले कायदेही मानत नाहीत. मुलाच्या लग्नाला एकवीस वर्षे लागतात, विधानसभा लढवायला पंचवीस, आणि महाराष्ट्रात कडक मद्याच्या परवान्यालाही पंचवीसच. मग ज्याच्या पाठीशी कोणीच नाही, त्यानेच अठराव्या वर्षी खोली, डिपॉझिट, नोकरी आणि शिक्षण एकट्याने जमवावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

तरतूदच नाही, असेही नाही. याच कायद्याच्या कलम ४६मध्ये बाहेर पडणाऱ्या मुलाला आर्थिक मदत देण्याची मुभा आहे. एकवीस वर्षांपर्यंत, अपवाद म्हणून तेविसापर्यंत, अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या देखभालीची, सोय करता येते. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत त्यासाठी महिना ४,००० रुपये धरले आहेत. पुण्या-मुंबईत कॉट बेसिसवरची जागा आणि मेसचा डबा एवढ्यात भागत नाही. त्याहून मोठी उणीव ही की, मदत मुभेवर सोडली आहे. मुलाला ती हक्क म्हणून मागता येत नाही.

अठरानंतरही छप्पर द्या म्हटले की, सज्ञान व्यक्तीला संस्थेत ठेवणे म्हणजे तिला परावलंबी करणे, असा आक्षेप घेतला जातो. कोंडून ठेवा, असे कोणी म्हणत नाही; राहायचे की जायचे, हे त्या मुलाने ठरवावे. विसाव्या वर्षी वडिलांच्या पैशावर इंजिनिअरिंग शिकणाऱ्याला आपण परावलंबी म्हणत नाही, शिकतोय म्हणतो. राज्याने २०१८मध्ये अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण दिले, याकडेही बोट दाखवले जाते. तो निर्णय चांगलाच आहे. पण पदवीपर्यंत पोहोचायला तीन-चार वर्षे छप्पर हवे, आणि आरक्षणासाठी अनाथ प्रमाणपत्र हातात हवे. निवडणूक आयोग सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांचे मतदार नोंदणीचे अर्ज आगाऊ घेतो. तशीच बालगृहातल्या प्रत्येक मुलाची कागदपत्रे सतराव्या वर्षापासून का तयार होऊ नयेत? महिला व बालविकास विभागाने ही जबाबदारी बालगृहाच्या अधीक्षकांवर लेखी टाकावी, आणि शिकणाऱ्या प्रत्येकाला एकवीस वर्षांपर्यंतचा निवारा हक्क म्हणून द्यावा.