शिक्षेला कायदा, निवाऱ्याला योजना

1959 चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. उदरनिर्वाहाचे दिसेल असे साधन नसताना, भिकेवर जगत असावा असे वाटावे अशा अवस्थेत सार्वजनिक जागी थांबणे, हेसुद्धा त्याच्या व्याख्येत बसते. अटकेला वॉरंट लागत नाही. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात रवानगी होऊ शकते. दिल्लीपुरती त्यातील शिक्षेची कलमे तेथील उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये रद्द केली. माहेरी मात्र कायदा टिकून आहे.

निवाऱ्याच्या बाजूला असा कायदाच नाही. आहेत ते न्यायालयाचे निर्देश आणि योजना. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये रात्रनिवाऱ्यांचा प्रश्न हाती घेतला. 2013 च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात बेघर निवाऱ्याचा स्वतंत्र घटक आला. मापदंड सोपा होता: लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांचा बारमाही निवारा. नाशिकपुरते पाहा: महापालिका क्षेत्राची 2011 ची लोकसंख्या 14.86 लाख, म्हणजे जुन्याच आकड्यावर सुमारे 1,500 जणांची सोय हवी. निधीचा केंद्र-राज्य वाटा पुढे 60:40 झाला. निवारा चालवण्याच्या खर्चाला मदत पाच वर्षांची. नंतर सारा भार पालिकेवर. अभियानाची मुदत 30 सप्टेंबर 2024 रोजी संपली. मुदत कायद्याला नसते, योजनेला असते. फरक एवढाच, पण निवाऱ्यातल्या रात्रपाळीच्या काळजीवाहकाचा पगार त्यावरच अडतो.

गरज मोजण्याची पद्धतही तोकडी आहे. बेघरांची शिरगणती 28 फेब्रुवारी 2011 च्या एका रात्रीत झाली आणि देशाच्या शहरांत 9.38 लाख माणसे भरली. नाशिकचा बेघर मात्र हंगामाप्रमाणे बदलतो. पेठ-सुरगाणा तालुक्यांतून मजुरीला उतरलेले कुटुंब तीन दगडांची चूल मांडते. दिवसा गाठोडे झाडाला टांगलेले, पहाटे मजूर नाक्यावर हजेरी. पुरुषांचा कक्ष वेगळा आणि बायकांचा वेगळा असेल, तर हे कुटुंब निवाऱ्यात जात नाही. निवारा नाक्यापासून लांब असेल तर एकटा पुरुषही जात नाही. मग खाटा रिकाम्या राहतात आणि 'मागणी नाही' असा शेरा पडतो. हा शेरा मान्य करण्याजोगा नाही. गोदाघाटावर झोपणाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी: गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला लागले की त्यांचे अंथरूणच जाते.

गाडगे महाराजांनी नाशकात धर्मशाळा बांधली ती लोकवर्गणीतून. आता जबाबदारी कराच्या पैशाची आहे. 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यापूर्वी घाट मोकळे करण्याचा आग्रह वाढेल, त्र्यंबकेश्वर तर केंद्राच्या 'स्माईल' योजनेतील भिक्षामुक्त शहरांच्या यादीत आहे. अशा वेळी 1959 चा कायदा सर्वांत हाताशी असतो. बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी त्याआधीच, महापालिकेचे अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे जाण्यापूर्वी, निवाऱ्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष मागावे. आणि मागणीला हंगामनिहाय, नाकानिहाय मोजणी जोडावी.