मेंदूवर चुंबक ठेवून ‘मर्दानी ताकद’? आधी साखर तपासा

‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’. एसटी स्टँडजवळच्या भिंती, विजेचे खांब, मुताऱ्या. ही पाटी सोलापूरकरांना नवी नाही. अमक्या वारी तमक्या लॉजवर वैद्य भेटतील आणि खाली मोबाइल नंबर. लैंगिक दुर्बलतेवरील इलाजाची जाहिरात करायला १९५४च्या कायद्याने बंदी आहे. कायद्याने सत्तरी ओलांडली, भिंती रंगतच आहेत.

आता याच दुखण्यावर मेंदूला बाहेरून उत्तेजना देण्याच्या उपचाराची चर्चा जगभरातील संशोधकांत सुरू आहे. हे थोतांड नाही. पण ‘इलाज सापडला’ असेही नाही.

यंत्र काय करते?

ब्रिटनमधील शेफील्ड येथे १९८५ मध्ये अँथनी बार्कर यांनी डोक्यावर तारेचे वेटोळे धरून चुंबकीय लहरींनी मेंदूतील पेशी जागवून दाखवल्या. कवटी उघडायची नाही, भूल द्यायची नाही. यालाच टीएमएस म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत, टीडीसीएसमध्ये, कपाळावर ओले स्पंज लावून साधारण एक ते दोन मिलिअँपिअर इतका क्षीण प्रवाह सोडतात. सिनेमात दिसणारा ‘शॉक’ तो हा नव्हे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टीएमएसला २००८ मध्ये नैराश्यासाठी मान्यता दिली. भारतातही मनोविकारतज्ज्ञ तो वापरतात. लैंगिक दुर्बलतेसाठी मात्र अशी मान्यता नाही.

मग लैंगिक समस्येशी मेंदूचा संबंध काय? ताठरतेची सुरुवातच तिथे होते. इच्छा मेंदूत जागते, संदेश मज्जारज्जूतून खाली उतरतो, नसा सैल पडतात आणि रक्त भरते. भीती, ताण, नैराश्य यांनी हा संदेश वाटेतच अडतो. शीघ्रपतनातही मेंदूतील सेरोटोनिनचा हात असतो. त्यामुळे मेंदूच्या नेमक्या भागाला चालना दिली तर गाडी रुळावर येईल, ही कल्पना तर्काला धरून आहे. अडचण पुराव्याची आहे. आजवरचे प्रयोग छोटे आहेत, आणि या दुखण्यात ‘आपल्यावर इलाज झाला’ या नुसत्या विश्वासानेही अनेकांना बरे वाटते. म्हणून खऱ्या यंत्राची तुलना बंद यंत्राशी करावीच लागते. शिवाय अपस्मार असलेल्यांना किंवा डोक्यात धातूचे रोपण असलेल्यांना टीएमएस धोक्याचे ठरू शकते.

संदेश पोहोचला, पाइप तुंबला असेल तर?

खरी गोम इथे आहे. अनेक पुरुषांत बिघाड मेंदूत नसून रक्तवाहिन्यांत असतो. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांनी वाहिन्या अरुंद होतात. शिश्नाच्या वाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे त्या आधी तुंबतात. हृदयविकाराची चाहूल अशी दोन ते पाच वर्षे आधी लागू शकते. त्या वर्षांत लाजेपोटी लॉजवरच्या पुड्या खाणारा माणूस केवळ पैसे घालवत नाही, हृदय वाचवण्याची संधीही घालवतो. काही वेळा दोष औषधाचा असतो. नैराश्यावरच्या गोळ्यांनी इच्छा मंदावते; पण त्या परस्पर बंद करू नयेत, डॉक्टर बदलून देतात.

सोलापुरात यासाठी मोठ्या यंत्राची वाट पाहावी लागत नाही. साखर आणि रक्तदाबाची तपासणी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये होते. मनावर ताण असेल तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, समोरची व्यक्ती मराठीत बोलते. पत्नी सोबत आली तर निम्मे काम सोपे होते, हे डॉक्टरांनाही ठाऊक असते.

उद्या एखाद्या चकचकीत क्लिनिकने ‘मेंदूच्या लहरींनी ताकद’ असे पॅकेज विकायला काढले, तर पैसे भरण्याआधी एवढेच विचारावे : या आजारासाठी या उपचाराला मान्यता आहे का? ‘संशोधन चालू आहे’ असे उत्तर आले, तर त्या प्रयोगाची भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीतील नोंद मागावी. आणि खऱ्या संशोधनात प्रयोगाच्या उपचाराचे पैसे सहभागी रुग्णाकडून घ्यायचे नसतात.