मंगळावरील दगड आणि पुराव्याचा प्रश्न

2025 च्या सप्टेंबर महिन्यात आमच्या आठवीच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने वर्तमानपत्राचे कात्रण भित्तिफलकावर लावण्यासाठी आणले. मंगळावर जीवसृष्टीचा पुरावा सापडला, असा ठळक मथळा होता. फलकावर लावण्यापूर्वी आम्ही तिला बातमी पूर्ण वाचावयास सांगितले. चौथ्या परिच्छेदात ‘संभाव्य’ हा शब्द होता. मथळ्यात तो गाळलेला होता. इतिहास शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्यास असा गाळलेला शब्द खटकल्यावाचून राहत नाही. म्हणूनच विज्ञानाचे शिक्षक नसतानाही या विषयावर लिहिण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

प्रथम घडले काय ते पाहू. अमेरिकेच्या नासा या संस्थेचे ‘पर्सिव्हिअरन्स’ हे फिरते यान 18 फेब्रुवारी 2021 रोजी मंगळावरील जेझेरो विवरात उतरले. सुमारे 45 किलोमीटर व्यासाच्या या विवरात साडेतीन अब्ज वर्षांहूनही आधी सरोवर होते आणि नदीने त्यात गाळ आणून टाकला होता. त्या नदीच्या कोरड्या पात्रात, जुलै 2024 मध्ये, यानाला बाणाच्या टोकाच्या आकाराचा, जेमतेम मीटरभर लांबीचा एक तांबूस दगड आढळला. शास्त्रज्ञांनी त्यास ‘चेयावा फॉल्स’ असे नाव दिले. दगडावर काळसर कडा असलेले बारीक फिकट ठिपके होते, बिबट्याच्या कातडीवर असतात तसे. यानावरील उपकरणांना या खडकात सेंद्रिय कार्बन आढळला आणि ठिपक्यांत दोन खनिजांच्या खुणा दिसल्या: लोह व फॉस्फेट यांचे व्हिव्हियानाइट आणि लोह व गंधक यांचे ग्रेगाइट. आपल्या पृथ्वीवर पाणथळ चिखलात, कुजणाऱ्या द्रव्याच्या सान्निध्यात व्हिव्हियानाइट तयार होते. ग्रेगाइट काही सूक्ष्मजीवही घडवितात. चिखलातील सेंद्रिय द्रव्य, लोह आणि गंधक यांच्या रासायनिक देवघेवीतून हे सूक्ष्मजीव आपली ऊर्जा मिळवितात, आणि मागे अशी खनिजे उरतात.

मात्र जीवाच्या साहाय्यावाचूनही अशी खनिजे बनू शकतात. त्यासाठी बहुधा मोठी उष्णता वा तीव्र आम्लता लागते, आणि या दगडाने तशी उष्णता वा आम्लता सोसल्याच्या खुणा दिसत नाहीत. कमी तापमानातील एखादी निर्जीव प्रक्रिया तरीही शक्य आहे. जोएल ह्युरोविट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात 10 सप्टेंबर 2025 रोजी जे लिहिले, ते एवढेच. ‘संभाव्य’ हा शब्द त्यांनी जाणूनबुजून योजला होता.

या सावधपणामागे दीडशे वर्षांची ठेच आहे. 1877 मध्ये इटालियन खगोलवेत्ता स्कियापारेल्ली याने मंगळावर ‘कनाली’ पाहिल्याचे नोंदविले. मूळ भाषेत त्याचा अर्थ नैसर्गिक प्रवाहमार्ग असाही होतो. इंग्रजीत त्याचे ‘कालवे’ झाले. कालवे म्हटले की ते खोदणारे आलेच! अमेरिकेतील पर्सिव्हल लॉवेल याने त्यावर ग्रंथामागून ग्रंथ लिहिले. पुढे कालवे दृष्टिभ्रम ठरले. एका शब्दाच्या भाषांतराने केवढा डोलारा उभा राहतो, याचे हे उदाहरण आम्ही साधनचिकित्सा शिकविताना नेहमी देतो.

1976 मध्ये ‘व्हायकिंग’ यानांनी मंगळाच्या मातीत पोषक द्रावण टाकले, तेव्हा वायू बाहेर पडला. प्रयोगाचे जनक गिल्बर्ट लेव्हिन यांनी 2021 मध्ये निधन होईपर्यंत तो जीवसृष्टीचाच पुरावा मानला. पण त्याच यानांवरील दुसऱ्या उपकरणाला मातीत तेथील म्हणता येईल असे सेंद्रिय द्रव्य सापडले नव्हते, म्हणून बहुतेकांनी तो दावा स्वीकारला नाही. मग 2008 मध्ये ‘फिनिक्स’ यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार सापडले. माती तापविली की हेच क्षार सेंद्रिय द्रव्याचा नाश करतात, आणि व्हायकिंगच्या त्या उपकरणात माती तापविलीच जात होती. म्हणजे साक्षीदाराची तपासणी करतानाच त्याची साक्ष पुसली गेली असण्याची शक्यता निर्माण झाली. 1996 मध्ये अंटार्क्टिकातून मिळालेल्या मंगळावरील एका अशनीत जीवाश्म असल्याचे जाहीर झाले. खुद्द राष्ट्राध्यक्ष क्लिंटन त्यावर बोलले. आज तो दावा फारसे कोणी मानत नाही.

आमच्या मनात सर्वाधिक घर केले ते एका लहानशा तपशिलाने. पर्सिव्हिअरन्सवर टायटॅनियमच्या एकूण 43 नळ्या आहेत. त्यांपैकी 38 नमुन्यांसाठी आणि उरलेल्या 5 ‘साक्षी नळ्या’. या पाचांत दगड भरावयाचा नाही. पृथ्वीवरून यानासोबत कोणती घाण वा कोणते कण गेले असतील, त्यांची नोंद त्यांत व्हावी, म्हणजे उद्या एखाद्या नमुन्यात काही आढळल्यास ते मंगळाचे की आपलेच, हे ठरविता येईल. संशोधकाने आपल्याच हातांविरुद्ध पुरावा जपून ठेवण्याची ही तजवीज आहे. इतिहासलेखनात अशी पाच पाने प्रत्येकाने कोरी ठेवली असती, तर आम्हा शिक्षकांचे निम्मे श्रम वाचले असते.

चेयावा फॉल्समधून काढलेला नमुना ‘सफायर कॅनियन’ या नावाने अशाच एका नळीत बंद आहे. यानावरील उपकरणांनी जे करावयाचे ते केले. पुढील तपासणीसाठी, म्हणजे त्यातील लोह, गंधक व कार्बन यांची समस्थानिके मोजण्यासाठी, पृथ्वीवरील प्रयोगशाळाच हवी. आणि येथे गाडे अडले आहे. नमुने परत आणण्याचा खर्च 11 अब्ज डॉलरपर्यंत जाईल व 2040 पर्यंत ते येणार नाहीत, असा अंदाज निघाल्यावर एप्रिल 2024 मध्ये नासानेच ती योजना अव्यवहार्य ठरविली. मे 2025 मध्ये तेथील सरकारच्या अर्थसंकल्पीय प्रस्तावात तर कार्यक्रम बंद करण्याचेच सुचविले गेले.

एका पालकांनी आम्हास विचारले, “सर, इथे पोरांच्या वसतिगृहाला पैसा नाही, आणि तुम्ही मंगळाच्या दगडाचं काय घेऊन बसलात?” हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, आणि 11 अब्ज डॉलर ही रक्कम आमच्याही छातीत धडकी भरविते. त्यांना आम्ही एवढेच सांगितले की तो पैसा वाचला तरी आपल्या वसतिगृहाकडे येणार नाही. शिवाय तेथे पोहोचणे, योग्य जागा शोधणे आणि दगड कोरून काढणे, एवढा भाग पार पडला आहे. पृथ्वीवरील इतके जुने खडक भूकवचाच्या हालचालींत बहुतांशी गाडले, वितळले वा बदलून गेले. जीवाच्या आरंभीची पाने आपल्याकडे जवळजवळ फाटलेली आहेत. मंगळावर तशी उलथापालथ न झाल्याने ती शाबूत आहेत. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की खर्च कमी करून, मार्ग बदलून, हवे तर अनेक देशांनी भार वाटून घेऊन, हे नमुने आणलेच पाहिजेत. चीनने 2028 च्या सुमारास आपले ‘त्येनवेन-3’ यान नमुने आणण्यासाठी पाठविण्याचे ठरविले आहे. ते जेझेरोतील या नळ्या आणणार नाही. पण मंगळाचा दगड प्रयोगशाळेत प्रथम कोणी पोहोचविला, याचे आम्हास सुतक नाही. निष्कर्ष सर्वांना तपासता यावेत, एवढीच अट हवी.

विद्यार्थिनीचे कात्रण आम्ही फलकावर लावले. मथळ्यात तिने लाल शाईने ‘संभाव्य’ हा शब्द लिहिला आहे. सफायर कॅनियनची नळी अजून यानाच्या पोटातच आहे.