'व्हॉल्व्हची ऊब' नावाची बखर

१/
'जुन्या व्हॉल्व्हच्या मायक्रोफोनमध्ये ऊब होती. ट्रान्झिस्टर आला आणि आवाज कोरडा झाला.' ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात हे विधान इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याला पुरावा मागणे उद्धटपणाचे ठरते. तो मागायलाच हवा. हे विधान समकालीन साधनांतून आलेले नाही. ते बखरीचे आहे: काळ उलटल्यावर, गतवैभव रंगवण्यासाठी रचलेले.

२/
मुळात व्हॉल्व्ह तेथे आला कशासाठी? वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ई. सी. वेंटे यांनी १९१६ मध्ये कंडेन्सर मायक्रोफोन सिद्ध केला. त्यात आवाजाने थरथरणारा पातळ पडदा आणि मागची स्थिर चकती मिळून एक धारित्र होते. पुढच्या काळातील स्टुडिओ मायक्रोफोनांत त्याची धारिता शंभर पिकोफॅरडच्या आतबाहेर असते. असा संकेत लांब तारेत जिरून जातो. म्हणून पडद्याला लागूनच अत्युच्च रोधाचा टप्पा बसवणे भाग असते, आणि त्या काळी ते काम करणारी वस्तू एकच होती. व्हॉल्व्ह ही आवड नव्हती, निरुपाय होता.

३/
आता दंतकथेचे दैवत पाहू: बर्लिनच्या नॉयमान कंपनीचा १९४९ चा यू ४७. त्यातील टेलिफुंकनचा व्हीएफ १४ हा व्हॉल्व्ह रेडिओसंचांसाठी बनवलेला होता. ५५ व्होल्टच्या त्याच्या तंतूला येथे सुमारे ३६ व्होल्टच दिले जात. कमी खरखरीचे नग तेवढे वेचून घेतले जात. 'ऊब' शोधणारा माणूस असे करत नाही. व्हॉल्व्हचे अस्तित्व ऐकूच येऊ नये अशी धडपड असणारा करतो.

(अमेरिकेत हा मायक्रोफोन टेलिफुंकनच्या नावाने विकला गेला. म्हणून आजही अनेकजण त्याचे पितृत्व टेलिफुंकनला बहाल करतात. शिक्का पाहून कर्ता ठरवण्याची सवय जुनीच!)

४/
व्हीएफ १४ चे उत्पादन थांबले, साठा संपला आणि १९६० च्या दशकाच्या मध्यास यू ४७ ही थांबला. ट्रान्झिस्टरने त्याचा खून केलेला नाही. आरंभीच्या ट्रान्झिस्टरांना या जागी प्रवेशच नव्हता, कारण त्यांचा आदान-रोध फार कमी होता. फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर आला तेव्हाच दार उघडले.

५/
त्याने काय बदलले? तापण्याची प्रतीक्षा गेली, प्रत्येक मायक्रोफोनमागची वीजपुरवठ्याची स्वतंत्र पेटी गेली, बहुतारी केबल गेली. १९६६ मध्ये नॉयमानचा केएम ८४ ध्वनिसंकेताच्याच तारांतून ४८ व्होल्ट घेऊ लागला. ४८ च का? नॉर्वेच्या नभोवाणीकडे पूरक दिव्यांसाठी तेवढ्या दाबाची व्यवस्था आधीच होती. आज जगभरच्या मिक्सरवर दिसणारा आकडा त्या दिव्यांचा आहे.

६/
'पण यू ६७ आणि यू ८७ वेगळे वाजतात!' वाजतात. पहिला १९६० चा, व्हॉल्व्हचा; दुसरा १९६७ चा, ट्रान्झिस्टरचा; ध्वनी टिपणारी कुपी मात्र जवळजवळ तीच. फरकाचे श्रेय लगेच व्हॉल्व्हला देणारे विसरतात की दोहोंचे ट्रान्सफॉर्मर वेगळे आहेत आणि वरच्या स्वरांना आवरणारी प्रतिपोषणाची रचनाही वेगळी आहे. शिवाय यू ८७ आणि त्याची १९८६ ची सुधारित आवृत्ती यू ८७ एआय, दोन्ही ट्रान्झिस्टरच्याच, तरी त्याही सारख्या वाजत नाहीत. मग तेथे कोणाची ऊब गेली?

७/
आणखी एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली जाते. यू ४७ च्या मूळ कुपीचा पडदा पीव्हीसीचा. वर्षानुवर्षांत तो कडक होतो, चिरतो, बदलावा लागतो. आज लाखो रुपये मोजून ऐकला जाणारा यू ४७ म्हणजे वार्धक्य, दुरुस्ती आणि बदललेले भाग यांचा आवाज. त्यावरून १९४९ चा आवाज ठरवणे म्हणजे डागडुजी झालेल्या बुरुजावरून मूळ चुन्याचा रंग सांगणे.

८/
घरच्या खोलीत ध्वनिमुद्रण करणारी पोरे या बखरीपायी स्वतःच्या साधनांना कमी लेखतात, आणि व्हॉल्व्हचा आवाज पुसून टाकण्यासाठी झिजलेल्या अभियंत्यांच्या नावावर तोच आवाज जमा होतो.

९/
ज्या नॉयमानने १९६७ मध्ये यू ६७ च्या वारसाला ट्रान्झिस्टर बसवला, त्याच नॉयमानने २०१८ मध्ये यू ६७ व्हॉल्व्हसकट पुन्हा बाजारात आणला. बखरीला गिऱ्हाईक आहे, हे तिला ठाऊक आहे.