मेट्रोआधीचा प्रश्न

२०१९ साली नागपुरात मेट्रो धावली, तेव्हा ‘आपल्याकडे केव्हा?’ असं वऱ्हाडात मनात येणं साहजिकच. पण २०११च्या जनगणनेत अमरावती साडेसहा लाखांच्या आत, तर अकोला सव्वाचार लाखांचं. एवढ्या वस्तीला खांबांवरच्या मेट्रोचा खर्च पेलवणार नाही, असं आम्हाला वाटतं. केंद्राच्या २०१७च्या धोरणानेही आधी इतर पर्याय तपासायला सांगितलं आहेच. शहर वाढल्यावर जागा कुठून आणणार, हा आक्षेप मात्र रास्त. म्हणून मार्गाची जागा आजच राखावी, बांधकाम पुढे पाहू. आणि बडनेरा-अमरावती रूळ तर आहेतच! तिथे फेऱ्या वाढवणं, त्यांना शहर बस जोडणं आधी का नको? या अंकातले लेख याच अंगाने जातात. तुमचं रोजचं जाणं-येणं कुठे अडतं, कळवा. आमच्याविरुद्धची मतंही छापू.